मागच्या माणसासाठी एक दिवा

(मंडळाच्या मासिक सभेत एका सभासदाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या 'सभासदांचे पंधरा मिनिटे' कार्यक्रमात आजवर फार चांगले विषय झाले. नाट्यसंगीत झालं, मुलांना मराठी कसं शिकवावं हे झालं, गेल्या वेळी मधुमेह झाला आणि त्यानंतर आपण सगळ्यांनी जिलेबी खाल्ली. आमच्या सचिवताईंनी मला फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "गाडीचा मागचा फॉग लाइट." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे एक दिवा? आणि त्यावर पंधरा मिनिटं?" मी म्हटलं, "ताई, दिवाळी जवळ आलीय, दिव्यावर बोललं तर चालेल ना?" त्या हसल्या आणि मला परवानगी मिळाली.

माझ्याबद्दल दोनच वाक्यं. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, आयटी कन्सल्टंट म्हणून काम करतो. म्हणजे लोकांच्या सिस्टिममध्ये काय चुकलंय ते शोधायचं आणि त्याचं बिल लावायचं. स्वतःच्या गाडीत काय चुकलंय हे मात्र मला तीन वर्षं कळलं नव्हतं. ते सांगितलं माझ्या वडिलांनी, आणि त्यांना कॉम्प्युटर चालू कसा करतात हेही माहीत नाही.

तर गोष्ट जानेवारी २०२३ ची. आई-अण्णा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे अबू धाबीला आले होते. परतीचं विमान दुबईहून सकाळचं होतं. आम्ही पहाटे पाचला निघालो. अण्णा पुढे माझ्या शेजारी, मागे आई, बायको आणि पाच वर्षांची लेक. सामानात आईनं इथून नेलेले खजूर, बदाम आणि का कोण जाणे, दोन स्टीलचे डबे. गाडी माझी सात आसनी एसयूव्ही. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर चहाच्या वेळी वाद होईल. एवढंच सांगतो की ती अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली, तिथे थोडी वापरलेली, आणि जहाजातून इकडे आलेली. आपण ज्याला 'अमेरिकन स्पेक' म्हणतो ती. इथल्या जीसीसी स्पेकच्या गाडीपेक्षा बरीच स्वस्त पडली होती, आणि मी ते प्रत्येकाला सांगत असे.

घंतूतच्या अलीकडे धुकं लागलं. आधी नुसती पांढरी पट्टी दिसली, रस्त्यावर कुणी कापूस टाकावा तशी. मग एकदम आम्ही त्या कापसात शिरलो. रस्त्यावरच्या लेनच्या तुटक रेषा एरवी लांबवर दिसतात, त्या मला आता तीन-चारच दिसत होत्या. मी वेग कमी केला. ऐंशी, सत्तर, साठ. हेडलाइट खाली, काच थोडी उघडी, रेडिओ बंद. मला वाटत होतं की मी सगळं बरोबर करतोय.

आणि मागून हॉर्न आला. आरशात दोन दिवे दिसले ते जवळजवळ आमच्या डिकीतच. एक पिकअप होती. तिनं शेवटच्या क्षणी डावीकडे झोक घेतला आणि आमच्या आरशाला घासावी इतक्या जवळून पुढे निघून धुक्यात दिसेनाशी झाली. आई मागून "अगं बाई" एवढंच म्हणाली. लेक झोपेत होती. मी मनातल्या मनात त्या पिकअपवाल्याला काय काय म्हटलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

अण्णा विमानतळापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर–सावंतवाडी, आजऱ्यावरून आंबोली घाट, वर्षानुवर्षं. आंबोलीचा पावसाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. दिवसा दुपारी दोन वाजता बसच्या काचेपुढे दुधासारखं धुकं असतं. असा माणूस शेजारी बसलाय आणि गप्प आहे, म्हणजे मी पास झालो असं मी समजलो.

पार्किंगमध्ये सामान उतरवलं. अण्णा गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, "लाइट लाव." मी लावले. ते दहा-पंधरा पावलं मागे गेले, परत आले आणि म्हणाले, "तू पुढचं बघून चालवतोयस ते झ्याक हाय. पर मागच्याला तू दिसतोयस का?"

मी म्हटलं, "अण्णा, टेललाइट आहेत की."

"हायेत," ते म्हणाले. "पर धुक्यात एवढ्याशा लाइटनं काय हुतंय? त्या पिकअपवाल्याची चूक न्हवती सगळी. त्याला तू दिसलाच न्हाईस."

मग त्यांनी मला घाटातली पद्धत सांगितली. धुक्यात बस बंद पडली की पहिलं काम काय? इंजिन बघायचं नाही. कंडक्टर आणि ड्रायव्हर दोघांनी आधी मागे चालत जायचं, झाडाची फांदी तोडायची आणि रस्त्यावर आडवी टाकायची, शेजारी दगड मांडायचे. मग परत येऊन बॉनेट उघडायचं. "गाडी बंद पडून माणूस मरत न्हाई," अण्णा म्हणाले, "मागनं येणाऱ्याला कळलं न्हाई म्हणून मरतंय." आणि बॅग घेऊन आत गेले.

मंडळी, मी घरी आलो ते थेट गाडीचं मॅन्युअल उघडून बसलो. आपण इंजिनिअर लोक वडिलांचं ऐकतो, पण आधी मॅन्युअलमध्ये तपासून.

मॅन्युअलमध्ये मागचा फॉग लाइट नव्हता. पुढचे दोन होते, त्यांचं बटणही होतं. मागचा नव्हताच. आणि तो विसरलेला नव्हता, मुळातच दिलेला नव्हता. अमेरिकेत गाडीच्या दिव्यांचं जे सरकारी मानक आहे, क्रमांक १०८, त्यात मागचा फॉग लाइट बंधनकारक नाही. बसवला तर हरकत नाही, पण सक्ती नाही. त्यामुळे बहुतेक कंपन्या अमेरिकेतल्या गाड्यांना तो देत नाहीत. युरोपात मात्र तो सक्तीचा आहे. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८० पासून रस्त्यावर आलेल्या गाड्यांना किमान एक मागचा फॉग लाइट लागतोच. माझा एक कॉलेजमित्र तिकडे असतो. त्यानं जपानहून वापरलेली गाडी आणवली, तर तिला हा दिवा बसवल्याशिवाय रजिस्ट्रेशन मिळेना. एकाच मॉडेलची गाडी, पण कुठल्या देशासाठी बनली यावर तिच्या मागे हा दिवा असणार की नाही हे ठरतं. मी स्वस्तात गाडी घेतली तेव्हा लेदरच्या सीट मोजल्या, कॅमेरे मोजले, कप ठेवायच्या जागाही मोजल्या. बारा होत्या. मागचे दिवे मोजले नव्हते.

दुसरी एक गोष्ट त्याच दिवशी लक्षात आली, आणि ही तुमच्यापैकी सगळ्यांना लागू आहे, गाडी कुठलीही असो. आपण हेडलाइटचं बटण 'ऑटो'वर ठेवून विसरून जातो. पण तो सेन्सर उजेड मोजतो, धुकं मोजत नाही. सकाळी साडेसात-आठला धुकं पांढरंशुभ्र असतं, उजेड भरपूर असतो. सेन्सरला वाटतं दिवस आहे. मग पुढचे दिवसाचे दिवे तेवढे चालू राहतात आणि बऱ्याच गाड्यांत मागे काहीच लागलेलं नसतं. डॅशबोर्ड मात्र झगझगीत असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की लाइट चालू आहेत. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम बरोबर चाललाय, फक्त त्याला चुकीचा प्रश्न विचारलाय. तेव्हा धुक्यात दिवे हातानं लावा.

आता थोडं या धुक्याविषयी. वाळवंटात धुकं कुठून येतं, असं भारतातून येणारे पाहुणे हमखास विचारतात. दिवसा समुद्रावरचा वारा ओल घेऊन किनाऱ्यावर येतो. रात्री आकाश निरभ्र असलं की वाळू भराभर थंड होते, कारण उष्णता धरून ठेवायला वर ढग नसतात. वारा पडलेला असतो. जमिनीलगतची दमट हवा थंड होत होत दवबिंदूपर्यंत येते आणि जागच्या जागी धुकं तयार होतं. म्हणून ते पहाटे आणि सूर्योदयाच्या आसपास सर्वात दाट असतं आणि ऊन चढलं की दोन-तीन तासांत विरतं. गंमत बघा, हीच आपली ऑफिसची, शाळेची आणि विमानतळाची वेळ. हिवाळ्यात हे वारंवार होतं. आणि ते सगळीकडे सारखं नसतं. स्वच्छ रस्त्यावरून एका मिनिटात आपण भिंतीत शिरतो.

इथे जुने असलेल्यांना ११ मार्च २००८ ची सकाळ आठवत असेल. अबू धाबी–दुबई रस्त्यावर, याच घंतूतजवळ, धुक्यात दोनशेच्या आसपास गाड्या एकमेकींवर आदळल्या. काही पेटल्या. माणसं गेली, शेकडो जखमी झाली. मी तेव्हा इथे नव्हतो, पण आपल्या मंडळातल्या एका काकांनी मला सांगितलं होतं की त्या दिवशी दर थोड्या वेळानं कुणाचा तरी फोन यायचा आणि प्रत्येक फोन उचलताना हात थरथरायचा. अशा अपघातात पहिल्या दोन गाड्यांनंतर पुढचं सगळं एकाच कारणानं होतं. मागच्याला पुढची थांबलेली गाडी वेळेत दिसत नाही.

'वेळेत' म्हणजे किती? इथे मी जरा हिशेब मांडतो. घाबरू नका, दोनच आकडे लक्षात ठेवायचे आहेत.

पुढे कोणी थांबलेलं दिसलं की पाय ब्रेकवर जायला साधारण दीड सेकंद जातो. मग गाडी प्रत्यक्ष थांबायला अंतर लागतं. रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेक कचकचून दाबला असं धरलं, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला एकूण ६९ मीटर लागतात. ताशी १२० ला लागतात १२९ मीटर. वेग दीडपट झाला, पण अंतर जवळजवळ दुप्पट झालं.

आता दिवा. साधा टेललाइट ५ वॉटचा बल्ब, मागचा फॉग लाइट २१ वॉटचा. पण खरा फरक वॉटमध्ये नाही. मागे सरळ फेकल्या जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता बघितली, तर युरोपच्या नियमांप्रमाणे मागच्या फॉग लाइटला ती १५० ते ३०० कँडेला लागते आणि साध्या टेललाइटची त्या मानानं अगदी थोडी असते. टेललाइट ८ आणि फॉग लाइट २०० धरला, तर पंचवीसपट झालं. मला वाटलं, वा, म्हणजे पंचवीसपट लांबून दिसणार! नाही. धुकं प्रकाश खातं. ज्या धुक्यात जेमतेम ५० मीटरपर्यंतचं दिसतं, त्यात दर साडेअकरा मीटरला प्रकाश निम्मा होतो. निम्म्याचा निम्मा, त्याचा निम्मा. शिवाय अंतर वाढलं की प्रकाश पसरतो तो वेगळाच. हे सगळं एक्सेलमध्ये घालून, पहाटेच्या उजेडात डोळ्याला किती दिसतं याचा एक अंदाज धरून मी उत्तर काढलं. साधा टेललाइट सुमारे ५५ मीटरवरून दिसतो. फॉग लाइट सुमारे ९० मीटरवरून. डोळ्याचा अंदाज बदलला तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र तेच राहतं. पंचवीसपट प्रकाश आणि फायदा फक्त ३५ मीटर.

मी खट्टू झालो. मग ते आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि खुर्चीत सरळ बसलो. ५५, ६९, ९०. मी थांबलोय आणि मागचा ताशी ८० नं येतोय. साधा दिवा असेल तर त्याला मी ५५ मीटरवर दिसतो आणि त्याला हवे आहेत ६९. म्हणजे धडक. फॉग लाइट असेल तर दिसतो ९० वर, आणि तो थांबतो. वीस मीटर उरतात. त्या ३५ मीटरमध्ये माझी लेक मागच्या सीटवर झोपलेली आहे.

आणि मागचा ताशी १२० नं येत असेल तर? त्याला १२९ मीटर हवेत. मग माझा दिवा ९० वरून दिसला काय आणि ५५ वरून दिसला काय. म्हणून अबू धाबीत दाट धुक्यात विजेच्या पाट्यांवर वेगमर्यादा ८० वर येते, ती उगाच नाही. दिवा आणि वेग ही जोडी आहे. दिवा लावणं माझ्या हातात आहे, वेग मागच्याच्या हातात. आणि माझ्या पुढच्या माणसाच्या दृष्टीनं मीच तो मागचा आहे, हे विसरायचं नाही.

तर ठरवलं, दिवा बसवायचा. आधी वाहन तपासणी केंद्रात जाऊन विचारून आलो. हे तुम्हीही करा, कारण गाडीत परस्पर केलेला बदल मुल्किया नूतनीकरणाच्या वेळी महागात पडू शकतो. मग एका गॅरेजमध्ये गेलो. तिथले भाई म्हणाले, "दहा मिनिटांचं काम आहे साहेब." मंडळी, आयटीत काय आणि गॅरेजात काय, 'दहा मिनिटांचं काम' हे शब्द ऐकले की मागे वळायचं असतं. मी वळलो नाही.

त्यांनी खरोखर दहा मिनिटांत काम केलं. एक लाल एलईडीची पट्टी मागच्या ब्रेक लाइटला चिकटून बसवली आणि तिची वायर सरळ टेललाइटच्या वायरला जोडली. म्हणजे टेललाइट लागला की फॉगही लागणार, रोज, स्वच्छ रात्रीसुद्धा. बंद करायला बटणच नाही. पहिल्याच आठवड्यात मागचे लोक मला डिपर मारायला लागले. मला वाटलं, ओळखीचे दिसताहेत. शेवटी ऑफिसमधला एक सहकारी म्हणाला, "काल तुझ्या मागे होतो. पूर्ण रस्ता ब्रेकवर पाय ठेवून चालवतोस का? आणि खरा ब्रेक लावलास तो मला कळलाच नाही, सिग्नलला जवळजवळ ठोकणार होतो तुला." वर डॅशबोर्डवर बल्ब खराब असल्याची सूचना येऊ लागली, कारण आजकालच्या गाड्यांत दिव्यांचा करंट कॉम्प्युटर मोजत असतो आणि मध्येच आगंतुक आला की तो तक्रार करतो. सुरक्षिततेसाठी पैसे देऊन मी गाडी आधीपेक्षा धोकादायक करून घेतली होती.

मग मी नियम नीट वाचले, आणि प्रत्येक नियमामागे एक ठोकलेली गाडी असणार हे कळलं. ते थोडक्यात सांगतो. कुणाला बसवायचा असेल तर कागदावर लिहून गॅरेजवाल्याच्या हातात द्या.

पहिलं, दिवा ब्रेक लाइटपासून किमान १०० मिलिमीटर, म्हणजे चार बोटांपेक्षा जास्तच, लांब हवा. शेजारी असला तर त्याच्या झगमगाटात ब्रेक लाइट लपतो. माझ्या सहकाऱ्याचं तेच झालं.

दुसरं, उंची. जमिनीपासून २५० मिलिमीटरच्या वर आणि साधारण एक मीटरच्या खाली. एसयूव्ही उंच असते म्हणून वर छताजवळ बसवायचा मोह होतो, तो टाळायचा. बंपरची जागा उत्तम.

तिसरं, एकच दिवा असेल तर तो रस्त्याच्या मध्याच्या बाजूला. इथे आपण उजवीकडून चालवतो, म्हणून डावीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला. एकच पुरतो. उलट एकट्या दिव्याचा फायदा असा की मागच्याला तो ब्रेकच्या जोडीसारखा वाटत नाही.

चौथं, दिवा सबंध विकत घ्यायचा, ज्याच्या काचेवर वर्तुळातला इंग्रजी ई आणि शेजारी देशाचा आकडा आहे. ती युरोपच्या मान्यतेची खूण. साध्या दिव्यात जास्त ताकदीचा बल्ब कोंबणं म्हणजे फॉग लाइट नव्हे.

पाचवं, वायरिंग. बॅटरीपासून स्वतंत्र वायर, बॅटरीजवळच फ्यूज, आणि मध्ये रिले. २१ वॉटचा दिवा १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो, पाचचा फ्यूज भरपूर झाला. रिलेला इशारा मिळायचा तो हेडलाइट चालू असतानाच, म्हणजे हेडलाइटशिवाय फॉग लागूच शकणार नाही. डॅशबोर्डवर स्वतंत्र बटण आणि लागल्याचं दाखवणारा पिवळा ठिपका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हेडलाइट बंद केले की फॉग बंद झाला पाहिजे आणि पुढच्या वेळी आपण मुद्दाम बटण दाबल्याशिवाय लागता कामा नये. ही शेवटची अट ज्यानं लिहिली त्याला माझा नमस्कार. त्याला माणूस विसरभोळा आहे हे माहीत होतं. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये हे शिकायला वर्षं घालवतो.

दुसऱ्यांदा शारजाच्या औद्योगिक भागात एक वयस्कर मलबारी ऑटो इलेक्ट्रिशियन भेटले. त्यांनी माझा कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "कुणी शिकवलं हे?" म्हटलं, "मार खाऊन शिकलो." त्यांना अडीच तास लागले. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबराची बूच घातली, अर्थिंगसाठी रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर स्क्रू बसवला. मी मध्ये मध्ये सूचना करत होतो. थोड्या वेळानं त्यांनी मला चहा आणायला पाठवलं. ते योग्यच होतं.

आता वापरायचा कधी? ब्रिटनच्या वाहतूक नियमांत सोपी खूण दिली आहे. १०० मीटरपर्यंतचं दिसेनासं झालं तर लावा, दिसायला लागलं की बंद करा. स्वच्छ रात्री तो मागच्याच्या डोळ्यांत खुपतो. धुक्यातही मागे गाड्यांची रांग लागली, मागचा अगदी जवळ आला आणि त्याला आपण दिसलोय हे आरशात कळलं, की काम झालं, बंद करा.

आणि एक सवय आपल्यापैकी बहुतेकांना आहे ती मोडायला हवी. धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची. खंडाळ्यात, आंबोलीत, सगळीकडे हे चालतं, आणि ते आपण इथेही घेऊन आलो. इथले पोलीस त्याला मनाई करतात, दंडही करतात. कारण चारही लुकलुकताहेत म्हणजे गाडी उभी आहे, असा त्याचा अर्थ. चालत्या गाडीनं ते लावले तर मागच्याला कळत नाही की कोण उभं आहे आणि कोण चालतंय. लेन बदलायची असेल तर इंडिकेटर देता येत नाही. त्यातून अमेरिकन स्पेकच्या बऱ्याच गाड्यांत मागचा इंडिकेटर लालच असतो आणि काहींत तर ब्रेकचा आणि इंडिकेटरचा दिवा एकच. मग तुम्ही ब्रेक लावलात की लुकलुकताय, हे त्या बिचाऱ्यानं ओळखायचं कसं? गाडी खरंच बंद पडली, तर जरूर लावा. आणि मग गाडीत बसून राहू नका. रस्ता सोडून कठड्यापलीकडे जा.

हे सगळं मी अण्णांना फोनवर सांगितलं. फ्यूज, रिले, ५५, ६९, ९०, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवा लागलेला तुला आतनं दिसतो का?"

म्हटलं, "नाही अण्णा, फक्त पिवळा ठिपका दिसतो."

"मग बराबर हाय," ते म्हणाले.

त्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला. गाडीतल्या बहुतेक वस्तूंसाठी आपण पैसे देतो ते आपल्याला काही मिळावं म्हणून. पुढचे दिवे आपल्याला दिसावं म्हणून. हा दिवा मात्र आपल्याला कधी दिसत नाही. तो ज्याला दिसतो त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं, आणि त्यानं वेळेत ब्रेक लावला हेही आपल्याला कधी कळणार नाही. आपण घरी पोचतो, चहा पितो, तोही आपल्या घरी पोचतो. दोघांच्याही घरी त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. त्या पिकअपवाल्याला मी तेव्हा मनातून शिव्या दिल्या. आता वाटतं, त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असणार, आणि माझ्यामुळे त्याच्यावर भलताच प्रसंग आला असता.

परवा आम्ही बाल्कनीत आकाशकंदील लावला. लेक म्हणाली, "बाबा, आपण तर आत बसणार, मग हा बाहेर कशाला?" मी म्हटलं, "रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी." ती म्हणाली, "गाडीच्या दिव्यासारखा?" घरात या विषयावर मी जरा जास्तच बोलतो, हे त्यावरून तुमच्या लक्षात आलं असेल.

पंधरा मिनिटं संपली, सचिवताई घड्याळ दाखवताहेत. शेवटचं एक. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गाडीत हा दिवा कंपनीनंच दिलेला असेल आणि त्याचं बटण तुम्ही कधी दाबलेलं नसेल. लाल-पिवळ्या ठिपक्यांच्या गर्दीत त्याची खूण वेगळी असते. दिव्याच्या उजव्या बाजूला तीन आडव्या रेषा आणि त्यांना छेदणारी एक नागमोडी रेघ. पुढच्या फॉगच्या खुणेत त्या रेषा डावीकडे असतात. चहा झाल्यावर मी खाली पार्किंगमध्ये अर्धा तास थांबणार आहे. ज्यांना बटण सापडत नाही त्यांनी या, दोघं मिळून शोधू. एक जण आत बसेल, एक जण मागे उभा राहील. एकट्यानं हे काम होत नाही.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. सावकाश घरी जा.